डॅशहुंडला जिना चालत नाही

निवृत्त होऊन तीन महिने होत नाहीत तोच मिस्त्रींच्या डोक्यात डॅशहुंड, म्हणजे लांबुडक्या अंगाचा बुटका कुत्रा, पाळायचं खूळ शिरलं. चाळीस वर्षं या माणसाने लोकांच्या घरात लाकडी जिने बांधले. आता हातांना काम नव्हतं आणि तोंडाला मात्र दिवसभर होतं. बायको स्वयंपाकघरात विळी नीट धरते का, दार हळू लावते का, नळ पुरता बंद करते का, सगळीकडे त्यांचं लक्ष. शेवटी मुलगीच फोनवर म्हणाली, "आई, बाबांना एखादा कुत्रा आणून दे, म्हणजे तू सुटशील."

मिस्त्रींनी फोटो बघून डॅशहुंड नक्की केला. "हे बघ," ते बायकोला म्हणाले, "लांबीरुंदीचं प्रमाण साफ चुकलंय, पण जोडकाम पक्कं आहे."

सिस्टर, म्हणजे त्यांची बायको, हसल्या. हाडांच्या वॉर्डात एकतीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. कुत्र्याला त्यांची ना नव्हती. खरं सांगायचं तर त्यांनाही तो हवा होता. घरात कुणीतरी असं असावं, की ज्याला आपण खोलीत आलेलं कळतं, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

डॅशहुंडची पैदास करणाऱ्या एक बाई होत्या. त्या घर बघितल्याशिवाय कुत्रा देत नसत. बुधवारी आल्या, पाणीसुद्धा न पिता खोल्या बघत फिरल्या आणि मग खुर्चीत बसून त्यांनी एकेक ऐकवायला सुरुवात केली. हा कुत्रा हट्टी असतो. दारावरची बेल वाजली की घर डोक्यावर घेतो. बागेत खड्डे करतो. खायला दिलं तर फुटेपर्यंत खातो, आणि वजन वाढलं की पाठ जाते.

"पाठ हेच त्याचं दुखणं," बाई म्हणाल्या. "मणक्यातली चकती सरकली की मागचे पाय लुळे पडतात. मग उचलून फिरवायचं, लघवीसुद्धा पोट दाबून काढायची. महिनोन् महिने. म्हणून उड्या बंद आणि जिना बंद. आणि दोघांचाही होकार असला तरच मी देते. एकाच्या हौसेवर नेलेला कुत्रा सहा महिन्यांत माझ्या दारात परत येतो."

मग त्यांची नजर मधल्या खोलीतल्या जिन्यावर गेली. चौदा पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसरी बाजू उघडी. झोपायची खोली वर, न्हाणीघर वर.

"सुंदर आहे हो," बाई म्हणाल्या. "पण याला कठडा कसा नाही?"

"माझ्या जिन्याला कठडा लागत नाही," मिस्त्री म्हणाले. "पायरीला पायरी सारखी असली की पाऊल आपोआप बरोबर पडतं. कठडा लागतो तो फसलेल्या जिन्याला."

सिस्टरना हे वाक्य पाठ होतं. सहा वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हापासून त्या कठडा मागत होत्या. आधी थट्टेत मागितला, मग गंभीरपणे, आणि एकदा तर डोळ्यांत पाणी आणून. पालथ्या घड्यावर पाणी. दर वेळी हेच उत्तर, एकदा वर "जरा वजन कमी कर" हा सल्ला. तेव्हापासून त्या डावा तळवा भिंतीवर टेकवून, अंग तिरकं करून, एकेक पायरी उतरत. भिंतीवर तळव्याचा तेलकट पट्टा उमटला होता. मिस्त्रींनी दोनदा रंग देऊन तो झाकला, आणि दोन्ही वेळा भिंत मळवल्याबद्दल बायकोला बोलले. लोकांच्या सासवांसाठी गुळगुळीत कठडे घासणारा हा माणूस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"रविवारी एका वर्षाची कुत्री घेऊन येते," बाई म्हणाल्या. "तोवर जिन्याचं काय ते बघा."

मिस्त्रींच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा मिस्त्री संचारला. गुरुवारी पहाटे त्यांनी रंधा काढला. जिन्यावर भिंतीकडेने एक निरुंद लाकडी उतार बसवायचा बेत होता. चढ जास्त होता, म्हणून वीतवीतभर अंतरावर पट्ट्या ठोकल्या. नखं घसरू नयेत म्हणून सतरंजीचं जाड कापड चिकटवलं. कडा पॉलिश पेपरने इतक्या घासल्या की गालावरून फिरवाव्यात. आणि शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी त्या उताराच्या मोकळ्या बाजूला चार बोटं उंचीचा एक इवलासा कठडा लावला.

"हा कशाला?" सिस्टरनी विचारलं.

"पडली बिडली तर?"

सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी उगाचच ओटा पुन्हा पुसला. आपल्याला एका कुत्रीचा हेवा वाटतोय याची त्यांना लाज वाटली. लाज ओसरली, तशी अंगाची लाही लाही झाली.

शनिवारी उजाडतानाच मिस्त्रींनी उतार जिन्यावर बसवला. सकाळी सिस्टर खाली यायला निघाल्या आणि वरच्या पायरीवरच थांबल्या. भिंत होती तिथेच होती, पण तिच्यापर्यंत हात पोचत नव्हता. मध्ये उतार होता. उजवीकडे तर आधीपासूनच काही नव्हतं. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या आणि साडी गोळा करून, रांगत्या मुलासारख्या, बसल्या बसल्या एकेक पायरी उतरू लागल्या. मिस्त्री खाली ब्रश धुत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"जपून," ते म्हणाले. "पॉलिश ओलं आहे."

शेवटच्या पायरीवर बसूनच सिस्टर म्हणाल्या, "मी सहा वर्षं कठडा मागतेय."

"अगं, तुझी गोष्ट वेगळी. तुला कळतं ना जपून चालायला! त्या मुक्या जनावराला काय कळणार?"

"म्हणजे मी बोलले हीच चूक झाली," सिस्टर म्हणाल्या. पण मिस्त्री तोवर ब्रश वाळत ठेवायला मागच्या अंगणात गेले होते.

रविवारी बाई कुत्री घेऊन आल्या. तांबूस, चकचकीत, कान जमिनीला टेकतील असे. तिने उतार हुंगला, जरा विचार केला आणि तुरुतुरु वर गेली, तशीच खाली आली. मिस्त्रींनी टाळ्या वाजवल्या. मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हाही ते इतके खूश झाले नव्हते, कारण तेव्हा ते कामावर होते. खाली आल्यावर कुत्रीने मिस्त्रींकडे ढुंकून पाहिलं नाही. ती सरळ सिस्टरजवळ आली आणि त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून पसरली.

सिस्टरनी वाकून तिला उचललं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ सरळ. कुत्री त्यांच्या कोपरात तोंड खुपसून गप्प राहिली. ती त्यांना फार आवडली.

"तुम्हाला शिकवायला नको," बाई म्हणाल्या. "चला, मग साहेबांचं काय म्हणणं?"

"माझं शंभर टक्के हो!"

"आणि तुमचं?"

सिस्टरनी कुत्रीच्या कानामागे एकदा हात फिरवला. "हिला या घरात देऊ नका," त्या म्हणाल्या.

मिस्त्री एक पाऊल पुढे आले.

"मला नकोय म्हणून नाही. मला हवी आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण नव्याचे नऊ दिवस. आज ही नवी आहे, म्हणून चार दिवसांत हे सगळं उभं राहिलं. हिची पाठ जाईल तेव्हा ही जुनी झालेली असेल. मग ती विव्हळेल आणि हे तिला जपून चालायला सांगतील. उचलायचं मला. आणि हिला घेऊन हा जिना चढणं माझ्या गुडघ्यांना जमणार नाही. वर्षानुवर्षं दुखणारं कुणी या घरात कसं राहतं, ते मला ठाऊक आहे."

"काय वाटेल ते बोलतेस परक्या माणसासमोर!" मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. "कठडाच हवाय ना तुला? उद्या लावतो! बाई, उद्या कठडा लावतो, मग तर झालं?"

"कुत्री मिळावी म्हणून?" सिस्टरनी विचारलं.

"कशासाठी का असेना! लागल्याशी कारण!"

बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि कुत्रीला घ्यायला हात पुढे केले. सिस्टरना ती द्यायला जरा वेळ लागला. दारातून बाहेर जाताना कुत्री मान वळवून दोनदा भुंकली, आणि सिस्टरनी कडी लावली.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी उताराचे स्क्रू एकेक करून काढले, फळ्या अंगणात नेऊन ठेवल्या, हत्यारं पुसली, पेटीत भरली. ते पेटीचं झाकण लावत असताना सिस्टर जवळ येऊन उभ्या राहिल्या. विचारू नये असं त्यांना वाटत होतं. स्वतःचा राग राग करतच त्यांनी विचारलं.

"मग उद्या कठडा?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"आता कुणासाठी?" ते म्हणाले.