पोशाची होडी

दिवाळे गावच्या दादू कोळ्याला गावानं वेड्यात काढलं, त्याला अकरा वर्षं झाली. मुंबईच्या एका संग्रहालयात खाडीचं दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे. पाटीवर नाव गोऱ्या साहेबाचं. दादूचं म्हणणं, ते आपल्या पणजोबानं, पोशानं काढलं. साहेबाला होडीतून फिरवता फिरवता तो रंगवायला शिकला. आजी सांगायची, एवढाच काय तो पुरावा. पण तेवढ्यावर ह्या बाबानं अर्जांवर अर्ज केले, संग्रहालयाचे उंबरठे झिजवले. माणूस चिवट, बोंबलाच्या गावातला असून खेकड्याच्या जातीचा.

आणि आज संग्रहालयातली उन्नती मॅडम स्वतः त्याच्या दारात!

"काका, साहेबाची बाकीची चित्रं अशी नाहीत. माझा अहवाल तयार आहे, पाटीवर पोशाचं नाव लागेल. तुम्ही फक्त एकदा नीट बघा आणि सही करा."

चित्र नुकतंच साफ केलं होतं. त्याचा मोठा फोटो तिनं लादीवर पसरला. दादूची बायको जमुना चहा ठेवून तिथंच वाकली.

दादूनं चष्मा लावला. काजळी गेल्यामुळे पाणी पहिल्यांदाच दिसत होतं. जाळ्याच्या खुंटांना वळसा घालून ते जोरात डावीकडे निघालं होतं. वारा नव्हता. आणि नांगर टाकलेल्या होडीचं तोंडही डावीकडेच. नांगरलेली होडी येणाऱ्या पाण्याकडे तोंड करते. ही उजवीकडे वळलेली हवी होती. हे कोळ्याच्या पोराला चालता येण्याआधी कळतं. दादूनं जमुनाकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली.

पेन हातातच होतं.

"मॅडम, ही होरी उलटी हाय," तो शेवटी म्हणाला. "पोशानं अशी काडलीच नसती."

"काका, अहवाल मागे घ्यावा लागेल. नक्की?"

"नक्की."

तिनं फोटो गुंडाळला. चहा तसाच राहिला.

ती गेल्यावर जमुना म्हणाली, "गप बसला असता तर काय बिगरलं असतं?"

"आन उद्या गावचा कोनी बगायला गेला, पोशाला हसला, तर? कोली आन होरी कललीच नाय, म्हनतील."

जमुनानं कप उचलले.

"कोन हसनार? पोरं सगली नोकरीला. होरीचं तोंड कुटं रातं, ते कलनारी गावात आपन दोगंच उरलोत."