डाव्या अंगाचा चेंडू

हिंगणमाळात हॉकी आली ती पलटणीतनं. वडूजच्या पलीकडचं हे खडकाळ गाव. पावसाचा भरवसा नाही, म्हणून घरटी एक माणूस फौजेत. सुट्टीवर येताना कुणी साबणाच्या वड्या आणायचं, कुणी घोंगड्यात गुंडाळून स्टिका. तळ्याच्या कोरड्या पात्रात खेळ सुरू झाला आणि गावाला त्याचं वेडच लागलं. पंचाहत्तरच्या मार्चात भारतानं वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा एसटी थांब्यावरच्या लीलाबाईच्या हाटेलात रेडिओभोवती एवढी रेटारेटी झाली की एका बाजूचा कूड आडवा झाला.

त्यानंतर महिन्याभरातच हिंगणमाळाच्या संघानं साताऱ्याच्या स्पर्धेत शेवटची फेरी गाठली. समोर सांगलीकडच्या एका साखर कारखान्याचा संघ. तीन दिवस तीन सामने, दोन जिंकेल त्याची ढाल. शुक्रवारी पहिला सामना होता, आणि बुधवारी दुपारी लीलाबाईच्या हाटेलात एकाच गोष्टीवरनं भांडण पेटलं होतं. गोलात कोण उभं राहायचं?

"ह्यात इचारायचं काय?" गुंडा फळीवर मूठ आपटत म्हणाला. गावाचा एकही सामना त्यानं कधी चुकवला नव्हता. "बारा वर्सं कृष्णात उबा हाय. आता ऐन येळंला मेंढरामागनं आलेलं पोरगं उबं करायचं?"

"मेंढरामागनं आलंय म्हनून काय झालं?" गिरणीवाला भाऊसो उसळला. "बिराप्पा बावीस वर्सांचा हाय. मांजरावानी झेप घेतोय. कारखान्याचा मानसिंग उजव्या बाजूनं वाऱ्यासारखा सुटतो, म्हंजे चेंडू येनार आपल्या गोलकीच्या डाव्या अंगाला. तितं चपळ मानूस पायजे."

"कृष्णातानं मानसिंगाचं चार गोल अडवल्यात!"

"कवा? दोन वर्सांमागं!"

संघाचे उस्ताद नाथाजी हवालदार मधे बसून दोघांचंही ऐकत होते. नेमणूक त्यांच्या हातात होती, पण गावाला दुखवून निर्णय घ्यायचा त्यांचा जीव होत नव्हता. कोपऱ्यात बिराप्पा मान खाली घालून बसला होता. आणि दाराजवळ, हातात थंड झालेला चहा धरून, खुद्द कृष्णात.

लीलाबाई चुलीपुढं उभी होती. कृष्णात तिचा नवरा. ह्या सगळ्या गर्दीत तिला एकटीला खरं काय ते ठाऊक होतं.

गेल्या साली ह्याच मानसिंगाचा एक चेंडू कृष्णाताच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीवर बसला होता. सूज आठवड्यात उतरली, माणसं विसरली. पण लीलाबाईच्या ध्यानात एकेक गोष्ट यायला लागली. डावीकडनं भाकरी वाढली की तो दचकायचा. तांब्यातलं पाणी पेल्याच्या बाहेर पडायचं. एकदा तिनं न बोलता कंदील त्याच्या डाव्या बाजूनं पुढं धरला, तर त्याची पापणी हलली नाही. तेव्हा त्यानं कबूल केलं. त्या डोळ्यानं फक्त धुकं दिसतंय. आणि लगेच तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही.

तिनं सांगितलं नव्हतं. वर्षभर बारक्या संघांशी सामने झाले, निभावून गेलं. पण मानसिंगाचा चेंडू म्हणजे निभावायची गोष्ट नव्हती.

"हात वर करा," गुंडा ओरडला. "कृष्णातासाठी कोन कोन?"

हाटेलभर हात वर गेले. भाऊसोच्या बाजूनं तीन-चार. नाथाजींनी सुस्कारा सोडला. "बरं तर, गावाची मर्जी..."

"उस्ताद, एक बोलू?"

आवाज आपलाच आहे हे लीलाबाईला बोलल्यावर कळलं. सगळे वळले. बारा वर्षं बाई प्रत्येक सामना बांधावर उभी राहून बघत आलेली, पण भर बैठकीत ती कधी बोलली नव्हती.

"हात मोजून गोलकी ठरतो व्हय? दोगांनाबी तळ्यात उबं करा. धा-धा चेंडू मारा. आन् मारायचं तर मानसिंग मारतो तसंच मारा. डाव्या अंगाला."

कृष्णातानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. त्या नजरेला नजर देणं तिला जमलं नाही.

"वैनी, घरच्या मानसावर इस्वास न्हाई व्हय?" गुंडा म्हणाला.

"वैनी बरुबर बोलत्यात," नाथाजी सावकाश उठले. ते तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत होते. "चला तळ्यात. कृष्णाता, काय अडचन?"

एवढ्या माणसांपुढं अडचण सांगणार कोण? कृष्णात उठला.

ऊन कलायला लागलं होतं. बायकाही कडेला येऊन उभ्या राहिल्या. नाथाजींनी पन्नाशीतही मनगट राखलं होतं, मारायला ते स्वतःच उभे राहिले. आधी बिराप्पा. त्यानं दहातले सात अडवले. कुणी टाळी वाजवली नाही.

मग कृष्णात. पहिला चेंडू आला, त्यानं पायानं उडवला. दुसरा, तिसरा, चौथा. गर्दी नाचायला लागली. पण लीलाबाई बघत होती ते वेगळंच. तो पूर्ण तोंड डावीकडं फिरवून उभा होता. चांगल्या डोळ्यानं चेंडू शोधत होता आणि उरलेलं स्टिकच्या आवाजावर भागवत होता.

नाथाजींच्याही ते ध्यानात आलं असावं. पाचव्याला त्यांनी उजवीकडं मारायचा आव आणला. कृष्णाताची मान फिरली आणि चेंडू डावीकडनं आत. सहावाही आत. सातवा उसळला. कृष्णात जागचा हलला नाही. चेंडू त्याच्या गालाच्या हाडावर फाडदिशी बसला आणि तो गुडघ्यावर आला.

"ऊन आलं डोळ्यावर!" गुंडा ओरडला. "हे मोजायचं न्हाई!"

ऊन कृष्णाताच्या पाठीशी होतं. त्यानं तो आधार घेतला नाही. गालावरचं रक्त बाहीनं पुसलं, बसल्या जागी पट्टे सोडून पॅड बिराप्पापुढं टाकले. "उजवा पट्टा आवळून बांद, सैल व्हतो," एवढंच बोलून तो घराकडं चालता झाला.

लीलाबाई घरी गेली तेव्हा तो उंबऱ्यावर बसला होता. तिनं हळद कालवली, गालाला लावली. त्यानं लावून घेतली.

"डावंच अंग कशाला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"मानसिंग तितनंच मारतो."

"तेवड्यासाटीच?"

"न्हाई." तिचा हात थांबला. "एक डोळा गेला. दुसरा गेल्यावर मी कुनाकडं बगू? तुमची शपत मी मोडली न्हाई, पन तुमाला त्याच्या फुडं उबं राहू देनं मला झेपलं न्हाई."

"आता गावात अर्दा मानूस म्हनून फिरू मी?"

तिनं हळदीची वाटी उचलून आत नेली. गुरुवारभर तो बोलला नाही. हाटेलातही शुकशुकाट होता. बायकोनंच नवऱ्याचा पाय ओढला, असं गुंडा पारावर बसून सांगत होता, आणि लोकांना ते पटत होतं.

शुक्रवारी सकाळी ट्रक साताऱ्याला निघाला. संघाच्या चहा-जेवणाचं काम लीलाबाईकडं, म्हणून ती पातेली घेऊन चढली. ट्रक हलता हलता कृष्णातही मागनं चढला आणि तिच्यापासनं लांब जाऊन बसला.

पहिला सामना हिंगणमाळानं तीन-एकनं घालवला. बिराप्पानं दोन अवघड चेंडू अडवले, पण एक साधा चेंडू त्याच्या पायाखालनं गेला आणि गावाला तेवढाच दिसला.

शनिवारी सकाळी मैदानाकडेच्या लिंबाखाली गावानं नाथाजींना घेरलं.

"आज हारलो तर ढाल गेली, उस्ताद! कृष्णाताला उबा करा!"

"बायकांच्या सल्ल्यानं संघ काडल्यावर दुसरं काय व्हनार?"

लीलाबाई स्टोव्हपुढं खाली मान घालून बसली होती. चहा उतू गेला, तरी तिचा हात हलला नाही. तेवढ्यात बिराप्पाच गर्दीतनं पुढं आला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. पॅड त्यानं कृष्णाताच्या पायाशी ठेवले.

"दादा, तुमीच घ्या. माज्यानं व्हत न्हाई."

गुंडानं आरोळी ठोकली. कृष्णातानं पॅड उचलले. लीलाबाईला वाटलं, झालं, आता हा बांधणार. ती अर्धवट उठली.

कृष्णातानं पॅड काखेत धरले, उजव्या हाताचा तळवा उजव्या डोळ्यावर दाबला आणि म्हणाला, "गुंडा, म्होरं ये. बोटं दाखिव."

"आं?"

"दाखिव म्हनतो न्हवं."

गुंडानं गोंधळून तीन बोटं धरली.

"किती हायती?" कृष्णातानं स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. "बोटं धरलीस का न्हाई, ते बी मला कळत न्हाई."

"गेल्या सालापासनं असं हाय. लाज वाटली म्हनून लपिवलं. हिला शपत घातली व्हती. हिनं ती पाळली आन् माजा दुसरा डोळाबी वाचवला. आता कुनाला काय बोलायचं असंल तर मला बोला."

नाथाजी खाली बघत होते. गुंडाचा हात अजून तसाच हवेत होता, तीन बोटं धरून. कृष्णातानं खाली बसून बिराप्पाच्या पायाला स्वतः पॅड बांधले. बांधता बांधता सांगत राहिला, "मानसिंगाच्या स्टिककडं बगू नगंस. खांदा बग. मारायच्या आदी डावा खांदा पडतो त्याचा. खांदा पडला की तू उडी टाक, चेंडू येईल. आन् कालचा गोल इसर. मी असलं इस गोल खाल्ल्यात."

त्या दिवशी बिराप्पानं मानसिंगाचे पाच चेंडू अडवले आणि हिंगणमाळ एक-शून्यनं जिंकलं. रविवारी मात्र कारखान्यानं दोन-एकनं सामना मारला. शेवटचा गोल पेनल्टी कॉर्नरवर झाला, आणि तो कुणालाच अडवता आला नसता, हे भाऊसोनं आणि गुंडानं पहिल्यांदाच एकमतानं मान्य केलं. ढाल सांगलीकडं गेली.

ट्रक परत निघाला. साताऱ्याचा चढ मागं पडला आणि गुंडानं तोंड उघडलं. पुढच्या साली सेंटर हाफला कोण? भाऊसोला त्याचं नाव पटलं नाही. लगेच जुंपली.

लीलाबाई पातेल्यांच्या शेजारी बसली होती. कृष्णात माणसांतनं वाट काढत आला आणि तिच्याजवळ टेकला.

"लीले," तो म्हणाला, "हिकडं बस, उजवीकडं. तितं बसलीस तर दिसत न्हाईस मला."

ती उठून बसली. पातेली खडखडत होती, गुंडा आणि भाऊसो हमरीतुमरीवर आले होते.

"उद्या मिरजंला जाऊ," ती म्हणाली. "डोळं दाखवून येऊ."

"जाऊ," तो म्हणाला.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं दोघं मिरजेला गेली. डाव्या डोळ्याला आता इलाज नव्हता. उजवा ठणठणीत होता, त्याला जपा, असं डॉक्टरांनी बजावलं. संध्याकाळी परत आली तेव्हा थांब्यावर बिराप्पा स्टिक घेऊन कृष्णाताची वाट बघत उभा होता, आणि तळ्यात जायला उजेड अजून पुरेसा होता.