रूपरावांनी कापलेले गवत

मी एक जुने जंगल आहे, पण माझ्यात पाऊल ठेवायला हातात रिमोट घ्यावा लागतो. मित्रांनो, मी एका व्हिडिओ गेममधले जंगल आहे. त्या गेमचे पाच भाग निघाले आणि पाचही भागांत मी आहे.

चित्रकारांनी मला मायेने रंगवले. निळे काजवे दिले, धुके दिले, चुकीच्या वाटेने जाणाऱ्याला गुपचूप पहिल्या झाडापाशी आणून सोडण्याची जादू दिली. मधोमध एक पोकळ, म्हातारे झाड उभे केले. आवाज मात्र एकच दिला, वाऱ्याचा. सुरुवातीला मुले मला पाहून हरखून जात. पण प्रत्येक भागात माझे मरण ठरलेले. म्हाताऱ्या झाडात चेटकीण लपते, नायक मशालीने मला पेटवतो आणि झाड जळाले की किल्ल्याचे दार उघडते. पुढे मुलांना किल्ला आठवतो. घरोघरी मी असेच जळत आले.

कारंज्याच्या रूपरावांच्या घरी मात्र मी उभे होते.

रूपराव वनमजूर होते. त्यांचे कितीतरी उन्हाळे हिरव्या फांद्यांनी वणवे झोडपण्यात गेले. निवृत्तीनंतर गुडघे धरले, जंगलात जाणे सुटले, तेव्हा मुलगा अंकुशने त्यांना हा गेम लावून दिला. ते रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन माझ्यात येत, उठताना गेम सेव्ह करून जात. किल्ल्याकडे कधी गेले नाहीत.

पुण्याहून मुलगी नंदिनी फोन करायची.

"काय बाबा, अजून त्याच जंगलात?"

"त्याच जंगलात हाव माय."

"मशाल लावा न! लहान लहान लेकरं पुढं निघून गेले."

"जाऊ दे त्याइले. मले काई घाई नाई."

ती हसायची. तिला वाटे, बाबांना जमत नाही आणि ते कबूलही करत नाहीत.

माघात रूपराव गेले. गेम बंद असला की माझ्यातली वेळ थांबते, गवताचे पातेही वाढत नाही. ते उठून गेले तसेच मी थांबून राहिले.

एके दिवशी टीव्ही लागला. मला वाटले, तेच आले. रिमोट नंदिनीच्या हातात होता.

"बाबा इथंच अडकून राह्यले रे," ती अंकुशला म्हणाली. "मी हसण्यावारी नेलं. सुट्टी काढून एकदा बाजूले बसली असती तं..."

"मंग आता?"

"त्याइचं राह्यलेलं पुरं करते."

मित्रांनो, रूपराव अडकले नव्हते! हे मला ठाऊक होते आणि मलाच सांगता येत नव्हते. मी तिला एकदा, दोनदा पहिल्या झाडापाशी परत आणून सोडले. पण मुलगी हुशार. काजवे जिकडे वळतात तिकडे वळत ती आत आलीच. मी वारा सोडला, सगळ्या झाडांतून, जेवढा होता तेवढा. 'नको' म्हणायला माझ्याजवळ दुसरे काही नव्हते.

"काय भारी आवाज आहे न ताई?" अंकुश म्हणाला.

तिने मशाल गवताला टेकवली.

गवत धडधडून पेटले. बांबू फुटू लागले, काजवे एकेक करून विझले. म्हातारे झाड जळाले की गेम आपोआप सेव्ह होतो. मग रूपरावांचे जंगल कुठल्याच बटणाने परत येणार नव्हते. आग त्या झाडाकडे धावली आणि जवळ येऊन थांबली.

"हँग झाला काय?" अंकुशने विचारले.

नंदिनी पुढे गेली. झाडाभोवती गवत कापलेले होते. रुंद, स्वच्छ पट्टा, कुठेही न तुटलेला. गेममध्ये तलवारीने गवत कापता येते, मुले गंमत म्हणून चार वार करतात. रूपरावांनी रोज थोडे थोडे कापले होते, आणि वाढले की पुन्हा कापले होते.

ती त्या पट्ट्यावरून झाडाला पूर्ण फेरी मारून आली.

"जाळरेषा होय हे, अंकुश. आपण हिवाळ्यात बाबासंग जात नव्हतो काय? ते गवत कापत, मी मागून पाला झाडत जाये."

"अन् मी?"

"तू त्या पाल्यावर झोपून जाये. वणवा आला तं इथं अडला पाह्यजे म्हणत बाबा."

"म्हणजे बाबाइले पुढं जायचंच नव्हतं?"

पट्ट्यापलीकडे मी धुमसत होते. झाड जळाले नव्हते, म्हणून काही सेव्हही झाले नव्हते. नंदिनी उठली आणि तिने भिंतीवरचे बटणच बंद केले.

पुन्हा गेम लागला तेव्हा मी पूर्वीसारखे होते, काजव्यांसकट.

आता मी पुण्यात असते. संध्याकाळी नंदिनी येते, वाढलेले गवत कापते. मशाल टाकून द्यायची सोय या गेममध्ये नाही. ती मशाल पाठीवर घेऊनच नंदिनी फिरते आणि पाठमोरी झाली की मी अजून घाबरते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाचे राहिलेले काम पुरे करायला निघालात, तर हात लावण्याआधी त्या कामाभोवती एकदा सावकाश फिरून या. खाली बघत फिरा. गवत कुठे कापलेले आहे का, ते पाहा.