कळमदऱ्याची ओळ

साहेब, कळमदरा तुम्ही पुसलंत. धरणानं नाही. धरणानं घरं घेतली, माणसं तरी सोडली. तुम्ही खुर्चीत बसून, चहा पीत, अख्खं गाव नाहीसं केलंत आणि नाव सोपानचं घेतलंत.

मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करते. सगळं ऐकलंय.

सोपान कंत्राटी ऑपरेटर, स्वतः कळमदऱ्याचा. धरणग्रस्तांचे कागद स्कॅन करून त्यानं आतल्या थंड खोलीतल्या चार पेट्यांत, म्हणजे सर्व्हरमध्ये, भरले होते. ज्या गावाचे कागद, त्या गावाचं पेटीला नाव. पण नुसत्या नावानं कॉम्प्युटरला पेटी सापडत नाही, नंबर लागतो. म्हणून एका फाइलमध्ये चार ओळी होत्या. नाव आणि त्याच्यासमोर नंबर. ओळ काढली, की पेटी आत दिवे लुकलुकवत बसते आणि कॉम्प्युटर सांगतो, असं कोणी नाही.

वरून तपासणी येणार होती. तुम्ही सोपानच्या पाठीमागं उभे राहिलात.

"कळमदरा नकाशावर आहे का?"

"न्हाई साहेब, पाण्याखाली गेलं."

"मग यादीत कसं?"

"ही गावांची यादी न्हाई. पेट्यांचे पत्ते हायेत. ओळ काढली तर—"

"मला शिकवू नकोस. ऊठ."

त्याला उठवून तुम्ही एका बोटानं ती ओळ खोडलीत. दुसऱ्याच दिवशी त्याला मतदारयादीच्या कामाला धाडलंत. तो जाताना म्हणाला होता, "साहेब, आल्यावर लावतो ती ओळ, तवर पेटीला हात लावू नका." तुम्ही मान हलवलीत. मी पाहिली ती मान.

मग पुण्याहून कंपनीचा माणूस आला. नव्या कामाला जागा हवी होती. त्यानं पेट्या मोजल्या, फाइलमधली नावं वाचली आणि दारात येऊन विचारलं, "सर, एका पेटीला नावच नाही. ही कुणाची?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कुणाची नाही." त्यानं ती पुसून मोकळी केली.

सोपान परत आला त्या सकाळी कळमदऱ्याची लंकाबाई बाकावर बसलेली. लोणीकडच्या पुनर्वसनाच्या वस्तीतून पहिल्या एस.टी.नं आली होती, सोबत नात अक्षदा. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता, धरणग्रस्तांच्या जागेतून. धरणग्रस्त असल्याचा दाखला त्या दिवशी दिला तरच प्रवेश.

"सोपाना, दे बाबा कागद. पोरीला सुई टोचायला शिकू दे. पैली तुलाच टोचंल."

"टोचू दे आत्या. आत्ता देतो."

त्यानं गावाचं नाव टाकलं. पडद्यावर आलं, नोंद सापडली नाही.

"मशीन झोपलं व्हय तुझं? कान पिळ त्याचा."

सोपान हसला. फाइल उघडून त्यानं ओळ परत लिहिली, नाव आणि नंबर. पेटीनं लगेच ओ दिली. "बघ आत्या, जागं झालं." त्यानं पेटी उघडली.

आत काहीच नव्हतं.

त्यानं परत उघडली. मग खोलीत जाऊन पेटीवर हात ठेवून आला. परत खुर्चीत बसला. एकशे चाळीस घरांचे उतारे, पंचनामे, फोटो. मूळ कागद जिल्ह्याला गेलेले, आणि जिल्हा म्हणतो आमच्याकडे आलेच नाहीत.

"काय झालं रं?" लंकाबाई उठून उभी राहिली.

"आत्या... आपलं गाव न्हाई इथं."

"म्हंजी? पाण्यात हाय की. उन्हाळ्यात देवळाचा कळस दिसतो."

अक्षदा हातातल्या प्रवेशाच्या चिठ्ठीची घडी घालत राहिली, लहान, अजून लहान.

तुम्ही केबिनबाहेर आलात आणि सगळ्यांसमोर सोपानला म्हणालात, "पासवर्ड तुझा. जबाबदारी तुझी." संध्याकाळी मला पत्र टाइप करायला दिलंत. 'ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे.' मी नाही केलं. मग तुम्ही स्वतः केलंत, एका बोटानं.

सोपान आता पारगावला उसाच्या ट्रॉल्यांवर हमाली करतो. अक्षदाची जागा दुसरीला गेली. लंकाबाई मात्र दर बाजारच्या दिवशी येते, बाकावर बसते आणि मला विचारते, "बाई, त्या पुण्याच्या माणसानं इचारलं तवा सायबानं आमचं नाव का न्हाई घेतलं?"

मी काय सांगू? मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या बाजारी ती यायच्या आत केबिनमधून बाहेर या आणि तिच्यासमोर उभे राहून बोला, का नाही घेतलंत?