लक्ष्मणरावांचा पासवर्ड

आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्याचं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. मशीनवरच्या पोरांनी आठवडाभरात त्याला ‘जावई’ म्हणायला सुरुवात केली. पाच मिनिटं दुर्लक्ष झालं की रुसून निघून जायचं, आणि परत आणायचं तर सगळ्यांनी हातातली कामं टाकून त्याच्या मागे धावायचं. बरं, एवढं करून घरातली काडी इकडची तिकडे करायची नाही, ते वेगळंच.

मी विजयश्री. चाकणच्या या कारखान्यात एकोणीस वर्षं क्वालिटी बघते. चिवडा, वेफर्स, मसाला ज्या पाकिटातून येतो ती फिल्म आम्ही बनवतो. लोकांना वाटतं, पाकीट म्हणजे एक प्लास्टिक. डोंबल! निदान दोन थर असतात, वरचा छपाईचा आणि आतला, आणि मध्ये गोंद. दोन थर चिकटवून रोल गुंडाळला की तो अठ्ठेचाळीस तास गरम खोलीत ठेवायचा. त्याआधी गोंद कच्चा असतो. एवढं एक लक्षात ठेवा, बाकी सगळं रामायण त्यावरूनच झालं.

जावई आणला मालकांच्या मुलाने, निमिषसाहेबांनी. दोन वर्षं परदेशात शिकून आले आणि येताना कागदाची अ‍ॅलर्जी घेऊन आले. माझं क्वालिटीचं रजिस्टर बघून त्यांनी असा चेहरा केला, जसं काही मी टेबलावर मेलेला उंदीर ठेवलाय. मग तळवड्याच्या आयटी पार्कातून प्रज्वल नावाचा मुलगा आला. पांढरे शुभ्र बूट, गळ्यात ओळखपत्र. पहिल्याच दिवशी मला विचारतो, “मॅम, एक रोल म्हणजे किती पीस?”

रोल म्हणजे किती पीस! मी म्हटलं, “अरे बाबा, परातीतल्या कणकेला विचारतोस का, तू किती घास आहेस म्हणून? फिल्म किलोने येते, मीटरने छापली जाते आणि पाकिटांच्या हिशेबाने विकली जाते. पाकीट केवढं, त्यावर सगळं.” त्याने मान डोलावली आणि संगणकात ‘एक रोल, एक पीस’ असं लिहून टाकलं. तीन महिने गोदामात साडेतीनशे किलोचा रोल आणि चार किलोचा उरलेला तुकडा एकाच भावाने नांदत होते. कुणी बोललं की उत्तर ठरलेलं, “पुढच्या अपडेटमध्ये येईल, मॅम.”

त्यातून ते लॉगिनचं खूळ. प्रत्येक मशीनला एक टॅब्लेट, प्रत्येक माणसाला वेगळा पासवर्ड. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. आता तुम्हीच सांगा, हात कोपरापर्यंत गोंदाने भरलेले, मशीन मिनिटाला दोनशे मीटर पळतंय, आणि माणसाने चिन्ह शोधत बसायचं?

लॅमिनेशनच्या मशीनवर लक्ष्मणराव होते. मशीन थर चिकटवायचं, पण गोंद किती, ताण किती, हे लक्ष्मणरावांच्या बोटांना कळायचं. देहूहून रोज मोटरसायकलवर येणारा, सत्तावीस वर्षं एकाच मशीनवर उभा असलेला माणूस. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. फिल्मला सुरकुती पडायच्या आधी त्यांना नुसत्या आवाजावरून समजायचं. त्यांनी या पासवर्डच्या भानगडीवर सरळ तोड काढली. नातीचं नाव सई, तिचं जन्मवर्ष आणि ते गोल वेटोळ्याचं चिन्ह, असं कागदी चिकटपट्टीवर लिहिलं आणि पट्टी टॅब्लेटच्याच कडेला चिकटवून दिली.

झालं! तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर, हेल्पर, कटिंगवाले, ज्याला म्हणून काही नोंद करायची तो त्या पट्टीवर बघून लक्ष्मणरावांच्या नावाने आत शिरायला लागला. जावयाच्या मते लक्ष्मणराव चोवीस तास काम करत होते, जेवत नव्हते, झोपत नव्हते. एप्रिलमध्ये निमिषसाहेबांनी त्यांना तिमाहीचा सर्वोत्तम ऑपरेटर म्हणून पुष्पगुच्छ दिला. लक्ष्मणराव बिचारे म्हणाले, “आवं सायेब, त्यातला आठवडाभर तर मी रजेवर व्हतो.” साहेबांना वाटलं, काय हा विनय! टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्याने मी हसले होते, हे इथेच कबूल करते.

मग कॅन्टीनमध्ये टीव्ही लागला. मॅच बघायला नाही हो, तेवढं कुठलं नशीब! कुणाकडे किती काम अडलंय ते सगळ्यांना दिसावं म्हणून. वेळेत असेल ते नाव हिरवं, अडलेलं लाल. गरम खोलीतला प्रत्येक रोल माझ्या नावापुढे लाल. कारण जावयाच्या डोक्यात गरम खोली हा प्रकारच नव्हता, ते अठ्ठेचाळीस तास क्वालिटीच्या खात्यात. आणि गंमत अशी, की अठ्ठेचाळीस तास भरल्याशिवाय रोल सोडूही द्यायचा नाही. म्हणजे थांबायलाही तोच लावणार आणि थांबले म्हणून बोंबही तोच मारणार. मी प्रज्वलला झापलं. “पुढच्या अपडेटमध्ये, मॅम.”

अकरा दिवस माझं नाव यादीत सगळ्यात वर, लालभडक. मी म्हणायचे, मला काय फरक पडतो, मेलं ते डबडं! पण रोज जेवायला बसलं की समोर तेच. एके दिवशी कॅन्टीनच्या भिमाबाई माझ्या ताटात भाजी वाढता वाढता काळजीने म्हणाल्या, “ताई, आज बी तुमचं नाव लालच? काय चुकलं का वं?” त्या चांगल्या मनाने विचारत होत्या. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

तो बुधवार होता. कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटांचे सहा रोल गरम खोलीत होते, मंगळवारी सकाळी चिकटवलेले. एकतीस तास झाले होते. मी कोपरा फाडून दोन थरांमध्ये नख घालून पाहिलं. सुटेनात. आता या नखाने मी किती वर्षं माल पास केलाय! प्रज्वल चड्डीत होता तेव्हापासून. म्हटलं, माझं नख सांगतंय माल तयार आहे, आणि हा टीचभर टॅब्लेट मला नाही म्हणतो? कोण लागून गेलाय हा?

जेवणाची सुट्टी झाली होती. चिकटवल्याची वेळ फक्त लॅमिनेशनच्या टॅब्लेटवरच बदलता यायची, आणि त्या मशीनपाशी कुणी नव्हतं. मी गेले, पट्टीवर बघून सईचं नाव टाकलं, आणि मंगळवार सकाळ पुसून सोमवार दुपार केली. जावई हिरवा झाला. सहाही रोल सुटले. टीव्हीवर माझं नाव खाली सरकलं आणि मी भिमाबाईंकडून आणखी एक पोळी मागून घेतली.

तीन आठवड्यांनी मसालेवाल्यांचा फोन आला. पाकिटं फुगली होती, आतला थर सुटून त्याच्या घड्या पडल्या होत्या. मसाल्याचं तेल आणि तिखट फार वाईट, कच्चा गोंद त्यापुढे टिकत नाही. नखाला जे कळलं नाही ते तिखटाला कळलं. सगळा माल परत आला.

निमिषसाहेबांनी मीटिंग घेतली. भिंतीवर जावयाचा पडदा. “बघा,” ते खुशीत म्हणाले, “आधी अशी चूक शोधायला महिना गेला असता. इथे दोन मिनिटांत. बुधवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी चिकटवण्याची वेळ बदलली गेली. बदलणारा, लक्ष्मणराव.”

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. पण आधी सगळ्यांनी लक्ष्मणरावांकडे पाहिलं आणि मीही पाहिलं. मला वाटलं, ते आता म्हणतील, साहेब, त्या पट्टीवर बघून अख्खी कंपनी आत जाते. पट्टीची गोष्ट त्या खोलीत साहेब सोडून सगळ्यांना माहीत होती. पण प्रत्येकाने कधी ना कधी तीच चोरवाट वापरलेली. कोण बोलणार?

लक्ष्मणराव पडद्याजवळ गेले. चष्मा वर करून बराच वेळ ती ओळ वाचत राहिले. मग म्हणाले, “ध्यानात न्हाई, सायेब. पण माझ्या नावावर हाय म्हंजी माझ्याच हातनं झालं असंल. मशीन कशाला खोटं बोलंल?”

त्यांना मशीनवरून काढलं आणि पॅकिंगला बसवलं. तयार रोलला कागद गुंडाळायचा आणि लेबल लावायचं. जे काम नवीन पोराला पहिल्या दिवशी देतात ते. आणि मी? तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. स्वतःला सांगत होते, आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे, पगार तोच आहे, बसून काम आहे, उलट बरंच झालं. माणसाने स्वतःशी किती हलकटपणे बोलावं, याला काही मर्यादा?

चौथ्या दिवशी पॅकिंगवरून जात होते. लक्ष्मणराव एक लेबल हातात धरून शेजारच्याला विचारत होते, “ह्यो आकडा सातच हाय न्हवं?” सातच होता. चांगला ठळक, माणसाच्या अंगठ्याएवढा.

मी थांबले. ते म्हणाले, “ताई, काल निगडीला जाऊन डोळं तपासून आलो. डाक्टर म्हनला, डोळं झ्याक हायती. मंग ह्यातच कायतरी बिघाडलं असंल.” आणि त्यांनी बोट स्वतःच्या डोक्याला लावलं. “सईला साळंत सोडाया मीच जातो गाडीवरनं. आता सूनबाईला म्हनलं, तूच जा. न जानो, रस्त्यात कायतर इसारलो तर?”

सत्तावीस वर्षं मिनिटाला दोनशे मीटर पळणाऱ्या फिल्मवर हात ठेवणारा माणूस, स्वतःच्या नातीला गाडीवर घ्यायला घाबरत होता. तशीच वर गेले, निमिषसाहेबांच्या केबिनमध्ये, दार न वाजवता.

“वेळ मी बदलली,” म्हटलं. “लक्ष्मणरावांचा पासवर्ड मशीनवर चिकटवलाय, तो वापरून. ते जेवत होते तेव्हा.”

साहेब आधी माझ्याकडे बघत राहिले, मग लॅपटॉपकडे. “पण सिस्टिममध्ये तर...”

“सिस्टिम गेली खड्ड्यात! मी सांगते ना!”

प्रज्वलला बोलावलं. त्याने ती तक्रार पुन्हा उघडली आणि ‘चुकीचं कारण’ या चौकटीवर बोट ठेवलं. यादी उघडली. मशीन, कच्चा माल, वीज, ऑपरेटर. संपली यादी. क्वालिटीवाली बाई चुकू शकते, खोटं बोलू शकते, ही सोयच केली नव्हती. “तुमचं खातं यात येत नाही, मॅम,” तो ओशाळून म्हणाला. “पुढच्या अपडेटमध्ये टाकतो. तोवर ऑपरेटरच राहू दे?”

आणि निमिषसाहेब म्हणाले, “कशाला वाढवताय, मॅडम? माल बदलून दिलाय. ग्राहकाकडे रिपोर्टसुद्धा गेलाय.”

वाढवताय! एरवी या दोघांवर मी तासभर तोंडसुख घेतलं असतं. पण त्या दिवशी कुठल्या तोंडाने? यादीत माझं नाव नव्हतं म्हणून खरं तर मला क्षणभर बरंच वाटलं होतं. तेच मला फार लागलं.

मी कॅन्टीनमध्ये गेले. पहिली पाळी जेवायला बसली होती. टीव्हीखाली उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बुधवार, एक वाजून पाच मिनिटं, माझं नख, माझं लाल नाव, सगळं. भिमाबाईंचा डाव हवेतच राहिला. लक्ष्मणराव ताटावरून मान वर करून म्हणाले, “असं व्हय?” आणि पुन्हा जेवायला लागले. मला वाटलं होतं शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

मला लेखी ताकीद मिळाली. कागदावर, बघा. तेव्हा बरा कागद सापडला. सोमवारी लक्ष्मणराव मशीनवर परत आले. आल्या आल्या त्यांनी ती पट्टी नखाने खरवडून काढली. आता त्यांचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. जावयाची यादी आहे तशीच आहे, आणि तो खराब माल आजही त्यात ऑपरेटरच्याच माथी आहे.

या गोष्टीला दोन महिने झाले. लक्ष्मणरावांचा हात तसाच आहे, सुरकुती पडायच्या आधी आवाज ओळखतात. पण रोल उतरला की ते टॅब्लेटवर वेळ टाकतात आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी थांबतात. मशीनवरूनच हाक मारतात. दिवसातून सात-आठ वेळा मी माझं काम टाकून जाते.

“ताई, येवढं बघता का? बरूबर टाकलंय न्हवं मी?”

मी वाचते. बरोबरच असतं. “बरोबर आहे, लक्ष्मणराव,” म्हणते.

“बगा बरं नीट,” ते म्हणतात, “तुमी म्हनला म्हंजी मंग दाबतो.”