निवेदनावरची सही

चेन्नईत अड्यारच्या चर्चमध्ये उपासना संपली आणि मूळच्या नगरच्या मार्थामावशींनी दारातच टेबल मांडलं. ख्रिस्ती दलितांनाही आरक्षण द्या, असं निवेदन दिल्लीला जायचं होतं. त्यावर प्रत्येकाने नाव, नोकरी लिहून सही करायची.

शैला नेमकी रांगेत सापडली. तिची रेल्वेतली राखीव जागेवरची नोकरी 'हिंदू' लिहिलेल्या जातीच्या दाखल्यावर लागली होती. बाप्तिस्म्याचं ऑफिसात कळलं, तर दाखलाही जाणार आणि नोकरीही. ज्यांच्यासाठी हा कागद, त्यांनीच त्याला हात लावायचा नाही, हा कसला मेला न्याय!

मावशींनी तिच्या हातात पेन कोंबलं.

"घाईत आहे मावशी, पुढच्या रविवारी करते."

मावशींनी नाक मुरडत पेन काढून घेतलं. "जा बाई. ज्याचं जळतं, त्यालाच कळतं!"