मी थांबलो की हेत्वी उठते

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे आणि आता फार दमलो आहे. आमच्या गुजरातेतल्या जेतपुरात मला घोडियुं म्हणतात. दोन लाकडी घोड्या, त्यांच्यावर आडवा दांडा, दांड्याला टांगलेली सुती झोळी आणि झोळीला बांधलेली लांब दोरी, एवढाच माझा देह. संखेड्याच्या एका सुताराने मला सागातून घडवलं आणि लाखेचा लाल-पिवळा रंग चढवला. या घरातल्या आजी रळियातबा, त्यांच्या माहेराहून मी इथे आलो.

माझ्यात आधी त्यांचा परेश वाढला, मग त्याच्या बहिणी. पाहुणे माझ्या पायांवरून हात फिरवून कौतुक करायचे. मुलं मोठी झाली आणि मी कित्येक वर्षं माळ्यावर पडून राहिलो. परेशला हेत्वी झाली तेव्हा मला खाली काढलं, पुसलं, आणि तिच्या आईच्या जुन्या साडीची झोळी बांधली.

हेत्वी गुणी बाळ होती. चार झोके मिळाले की रात्रभर गाढ. तिची आई जागृती दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून झोके द्यायची आणि हातांनी भाजी निवडायची. इथल्या सगळ्याच आया तसं करतात.

मग हेत्वी चालू लागली, दोन-चार शब्द बोलू लागली. जागृती पोस्टात नोकरीला लागली. आणि त्याच सुमारास हेत्वी अचानक रात्री उठायला लागली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, कान दुखत नाही, सगळं ठीक.

आता दोरी रात्रीही जागृतीच्या अंगठ्यालाच राहू लागली. हेत्वी कुरकुरली की जागृती झोपेतच पाय हलवायची. मी हलायचो, हेत्वी निजायची. जागृतीचा पाय थांबायचा, मी थांबायचो, आणि हेत्वी पुन्हा उठायची. माझे सांधे करकरू लागले. जागृतीच्या अंगठ्याला वळ पडला.

"नावच जागृती. झोप येणार कुठून?" परेश सकाळी बशीत चहा ओतताना म्हणाला.

"मग आज रात्री तुम्ही व्हा जागृती. मी परेश होते आणि घोरत पडते."

परेशने बशी तोंडाला लावली.

रळियातबांचं निदान मात्र पक्कं होतं. "कुणीतरी रिकामं घोडियुं हलवलंय. म्हणून पोरीची झोप उडाली." रिकामा पाळणा हलवणं आमच्याकडे फार अशुभ मानतात. त्यांनी नजर उतरवली, मिरच्या जाळल्या. हेत्वी त्या रात्री ठसकत उठली, एवढाच फरक.

मित्रांनो, मी लाकडाचा असलो तरी इतकी बाळं वागवल्यावर थोडं निरीक्षण जमतं. झोप सलग नसते. माणूस रात्रीतून बरेचदा झोपेच्या काठाशी येतो, कूस बदलतो, आजूबाजूचं सगळं जागच्या जागी वाटलं की पुन्हा आत बुडतो. हेत्वी निजायची हलत्या झोळीत आणि काठाशी यायची तेव्हा झोळी थांबलेली असायची. तान्ही होती तोवर हा फरक तिच्या लक्षात येत नव्हता. आता येत होता. शिवाय आई दिवसा आपल्याला सोडून जाते, हेही तिला नुकतंच कळलं होतं. ती वाढत होती, एवढंच. पण मला बोलता कुठे येतं? करकरता येतं.

एका संध्याकाळी रळियातबांनी पदराच्या गाठीतून एक काळी गोळी काढली. "घे, बाळागोळी. दुधात उगाळून पाज. परेशला मी हीच द्यायचे."

"बा, हिच्यात असतं काय?"

"असते थोडी अफू. आमच्या वेळी सगळ्यांनीच घेतली. कुणी मेलं का?"

जागृती त्या दिवशी पोस्टात चुकीचा शिक्का मारून बोलणी खाऊन आली होती. तिने गोळी तळहातावर घेतली आणि तिच्याकडे बघत राहिली. अफूने एवढ्याशा जिवाचा श्वास थांबू शकतो, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत असावं. पण माणूस फार दमलं की माहीत असलेलंही दूर जातं.

"नाही बा," ती शेवटी म्हणाली. उठून तिने गोळी मोरीत टाकली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

"मग ओढ रात्रभर दोरी!" बा फणकारल्या.

"दोरीही नाही ओढणार."

रविवारी दुपारी हेत्वी चटईवर आईला चिकटून निजली होती. मध्येच तिने डोळे उघडले, आई दिसली, डोळे मिटले. जागृतीने ते पाहून ठेवलं होतं. त्या रात्री तिने जमिनीवर गादी घातली. दूध, मंद दिवा, एक गाणं. मग हेत्वी जागी असतानाच तिला आडवं केलं आणि पाठीवर हात ठेवला. हेत्वी माझ्याकडे बोट दाखवून रडली. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. जागृती तेवढंच म्हणत राहिली, "मी इथेच आहे, बेटा."

रिकामा मी वाऱ्याने हलू नये म्हणून बांनी माझ्या झोळीत खलबत्त्यातला बत्ता ठेवला.

"चला, या घरात कुणीतरी शांत झोपलं," परेश बत्त्याकडे बघून म्हणाला. बांनाही हसू आवरलं नाही.

रोज तेच दूध, तेच गाणं, तोच हात. हेत्वीचं रडणं हळूहळू ओसरलं. रात्री ती अजूनही उठायची, पण चाचपून हात सापडला की निजायची.

एका पहाटे जागृती दचकून उठून बसली. "हेत्वी उठलीच नाही?"

"उठली होती," पलीकडून बा म्हणाल्या. त्या गादीच्या कडेला आडव्या झाल्या होत्या आणि त्यांचा हात नातीच्या पाठीवर होता. "मी होते ना. तू झोप अजून. पोस्ट काही पळून जात नाही."

जागृती आडवी झाली आणि लगेच झोपली.

मित्रांनो, तुमच्या घरातलं छोटं भावंड अचानक रात्री उठू लागलं, तर त्याला हट्टी म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा, पण झोपेसाठी कुणी दिलेली गोळी त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. त्याला रोज एकाच वेळी, एकाच रीतीने निजवायला मदत करा. तो काळ सरतो. तोवर घरातले हात आळीपाळीने जागे राहू देत. आणि सकाळी आई उशिरापर्यंत झोपलेली दिसली, तर तिला हाक मारू नका. दार हळूच ओढून घ्या.